शब्दसाखळीचा खेळ रचून पायथन शिकण्यापूर्वीची तयारी

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकण्यासाठी शब्दसाखळीची छोटी वेबसेवा रचायची असेल, तर संगणकाआधी वही उघडावी. खेळ सर्वांच्या ओळखीचा आहे: एकाने 'कमळ' म्हटले की दुसऱ्याने शेवटच्या अक्षरावरून नवा शब्द सांगायचा. येथे दुसरा गडी म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम. भेंड्या लावताना ळ आला तर ल आणि ण आला तर न चालवून घेण्याची पद्धत आहे, कारण या दोन अक्षरांनी सुरू होणारे शब्द मराठीत मिळत नाहीत; प्रोग्रॅमला मात्र ही सवलत आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. म्हणून असे नियम आधी कागदावर उतरवावेत आणि त्यांच्यापुढे उदाहरणे लिहावीत: 'कमळ'नंतर ल, 'पाणी'नंतर न, 'भाऊ'नंतर ऊ, 'विद्या'नंतर य. 'वृक्ष'नंतर क्ष घ्यावा की ष, हा निर्णय आपला आहे; क्ष आणि ज्ञ ही स्वतंत्र अक्षरे धरावीत असे माझे मत आहे, कारण वर्णमालेत आपण ती तशीच शिकलो. ही पाच उदाहरणे जपून ठेवावीत, पुढे त्याच आपल्या पहिल्या चाचण्या होतील.

दुसरी तयारी अक्षराची आहे आणि तिच्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून या भाषेतील मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत असतो, त्यामुळे देवनागरी थेट लिहिता येते; परंतु युनिकोडची गणना आपल्या अक्षरांशी जुळत नाही. 'नमस्ते' या शब्दाची लांबी विचारली तर पायथन ६ सांगते, कारण ते न, म, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि मात्रा असे सहा घटक मोजते. 'कमळ'चा शेवटचा घटक मागितला तर ळ मिळतो आणि सारे ठीक चालले आहे असे वाटते, पण 'विद्या'चा मागितला तर हाती नुसता काना येतो, आणि कान्याने सुरू होणारा शब्द यादीत कुठून असणार? यावर उपाय असा की शब्दाच्या शेवटाकडून मागे यावे, मात्रा व अनुस्वार ओलांडावेत, पहिल्या व्यंजनावर किंवा स्वरावर थांबावे, आणि तो ष किंवा ञ असल्यास त्यामागे जोडलेला क किंवा ज आहे का ते पाहावे. हे एवढेच फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, स्वतःच्या हाताने लिहिले की लूप (तीच क्रिया पुन्हा पुन्हा करणे), अट आणि घटकक्रमांक या तिन्ही गोष्टींचा सराव आपोआप होतो.

'दऱ्या' या शब्दाकडे वेगळे लक्ष द्यावे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे अक्षर वापरून, किंवा साध्या र आणि हलन्तानंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही (सारख्या मजकुराची रूपे एकसारखी करणे) त्यांना एक करत नाही. म्हणून आलेला प्रत्येक शब्द तपासण्याआधी एका ठरलेल्या रूपात आणणारी ओळ स्वतः लिहावी लागते.

शब्दांची यादी पहिल्या खेपेस हातानेच करावी. तीनशे शब्द पुरेत, मात्र ते मूळ रूपातच असावेत. 'झाड' घ्यावे, 'झाडाला' घेऊ नये. प्रत्येक ओळीवर एक शब्द लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत, साठवावी आणि प्रोग्रॅममध्ये ती उघडतानाही यूटीएफ-८ असा स्पष्ट उल्लेख करावा, विशेषतः विंडोजवर. ओळीच्या शेवटी चिकटून येणारे नव्या ओळीचे चिन्ह काढून टाकावे. शब्द सेटमध्ये (पायथनचा पुनरावृत्ती नसलेला संग्रह) ठेवले की तपासणी झटपट होते, आणि आद्याक्षरानुसार डिक्शनरीत (खुणेवरून मजकूर शोधता येणारा संग्रह) मांडले की ढ किंवा थ यांच्या वाट्याला दोनच शब्द आल्याचे खेळाडूच्या आधी आपल्या लक्षात येते.

साधनांची तयारी थोडक्यात उरकते. पायथनची चालू आवृत्ती, प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरते पायथनचे स्वतंत्र दालन) आणि फ्लास्क (पायथनमध्ये वेबसेवा रचण्याचे साधन) एवढे बसवावे. डेटाबेस, लॉगिन आणि सजावट आत्ता नकोच. आधी खेळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, पूर्ण चालवावा आणि नंतरच त्याला वेबपत्ता द्यावा, कारण चूक नियमात आहे की सेवेत हे नवशिक्याला एकाच वेळी शोधता येत नाही.

वापरून झालेले शब्द कुठे लक्षात ठेवायचे, हेही आधी ठरवावे. फ्लास्कचे सेशन, म्हणजे एका खेळाडूबद्दल लक्षात ठेवलेली माहिती, कुकीत (ब्राउझरमध्ये साठणाऱ्या छोट्या नोंदीत) राहते. त्यावर सही असते, पण ते गुप्त नसते, आणि कुकीत साधारण चार किलोबाइटच मावतात, तेव्हा डाव लांबला की जागा संपणार. त्याऐवजी कुकीत फक्त डावाचा क्रमांक ठेवावा व शब्द सर्व्हरवरच्या डिक्शनरीत ठेवावेत. सर्व्हर बंद झाला की डाव पुसला जाईल. पहिल्या आवृत्तीत ते चालण्यासारखे आहे.

शेवटी, पत्त्यातून 'कमळ' पाठवल्यावर नोंदींमध्ये टक्केचिन्हांचे नऊ तुकडे दिसले तर गोंधळून जाऊ नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो आणि फ्लास्क ते उलगडून शब्द जसाच्या तसा आपल्या फंक्शनच्या हाती देते.