चर्च अपुरं पडू लागलं की आधी काय करावं

नाताळच्या गर्दीवरून नवीन चर्चचा आकार ठरवू नका, ही माझी पहिली विनंती. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांची, खजिनदार. नोकरी सगळी बँकेत गेली, त्यामुळे बांधकामाचा विषय निघाला की आधी वही उघडते. नाताळ आणि ईस्टरला अंगणात मांडव घालता येतो. मोजायचे ते जुलै-ऑगस्टमधले रविवार. पाऊस, चिखल, शेतीची कामं असूनही जे येतात त्यांच्यासाठी चर्च बांधायचं असतं.

दारावरच्या सेवकाकडे वही द्या आणि रकाने पाडा: पुरुष, स्त्रिया, संडे स्कूलची मुलं, उभे राहिलेले. आम्ही मोजलं तेव्हा कळलं की खरी अडचण बाकांची नव्हतीच, मुलांची होती. पाळकगृहाच्या (धर्मगुरूंच्या घराच्या) ओसरीत पाच वर्षांची आणि चौदा वर्षांची मुलं एकाच सतरंजीवर बसायची. शिकवणाऱ्या बाई फळा भिंतीला टेकवून गुडघ्याने अडवून धरायच्या आणि एका हाताने लिहायच्या. नुसतं सभागृह मोठं केलं असतं तर त्या ओसरीतच राहिल्या असत्या.

मोजणी झाली की लगेच आर्किटेक्टकडे धावू नका. आधी दुसरी उपासना सुरू करा, सकाळी आठची. पाळकसाहेबांवर भार पडतो हे खरं, म्हणून एका उपासनेचा उपदेश वडीलमंडळींनी, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या जाणत्यांनी, आळीपाळीने घ्यावा. दोन्ही उपासनांमध्ये दहापैकी आठ जागा नेमाने भरू लागल्या की समजा, बांधायची वेळ आली. तोवर निधी साठवायला अवधी मिळतो.

आकाराचा हिशेब सोपा आहे. बाकावर माणशी दीड फूट लागतं. मधली वाट धरून माणशी साधारण १० चौरस फूट धरा. २५० माणसांना २,५०० चौरस फूट, शिवाय वेदी आणि पेटी-तबल्याची जागा. मुलांचे वर्ग, स्वच्छतागृहं आणि प्रीतिभोजनाचा ओटा पहिल्याच नकाशात घ्या, कारण "नंतर बघू" म्हटलेली खोली सहसा होत नाही. म्हाताऱ्यांसाठी उतार हवाच. पत्र्याचं छप्पर स्वस्त पडतं, पण जोराच्या पावसात उपदेश तिसऱ्या बाकापलीकडे ऐकू जात नाही. पत्राच घालायचा असेल तर खाली छत करून घ्या.

आता पैसा. बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा अध्याय ६ आमच्या सभेत मुद्दाम वाचला. संदेष्ट्यांचे शिष्य त्यांचा गुरू अलीशा याला म्हणतात की राहती जागा आम्हाला अपुरी पडते, यार्देन नदीवर जाऊन प्रत्येकाने एकेक लाकूड आणू. प्रत्येकाने एकेक, हे लक्षात ठेवा. त्याच प्रसंगात एकाची कुऱ्हाड पाण्यात पडते आणि तो हळहळतो, कारण ती उसनी असते. मी कर्जाच्या विरुद्ध आहे आणि हे स्पष्ट सांगते. हप्ते थकले की पहिली काटछाट पाळकांच्या पगारात होते, हे मी दुसऱ्या मंडळ्यांत पाहिलंय. शिवाय न्यासाच्या (चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या) नावावर कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यापेक्षा टप्पे पाडा: पाया आणि खांब, मग भिंती, मग छप्पर. एका टप्प्याची पूर्ण रक्कम खात्यात आली की मगच कंत्राटदाराला बोलवा.

छोट्या देणग्यांना कमी लेखू नका. मिझोरममधल्या ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून मूठभर बाजूला काढत आल्या आहेत आणि त्यावर तिथल्या मंडळ्यांची मोठमोठी कामं चालतात. आमच्या महिला मंडळाने ज्वारी-गव्हाचे डबे सुरू केले. कापणीच्या सणाला लिलाव होतो, तेव्हा एखादा भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा वेदीपुढे नेऊन ठेवतो. प्रत्येक रुपयाची पावती द्या आणि महिन्याचा जमाखर्च चर्चच्या दारावर लावा. हिशेब डोळ्यांसमोर असला की देणाऱ्याचा हात सैल होतो.

दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. मात्र ज्याने परदेशी नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसताना घेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

कागदपत्रांत एकच गोष्ट जीव तोडून सांगते: जमीन न्यासाच्या नावावरच घ्या. पाळकांच्या नावावर नको, देणगीदाराच्या नावावर नको, "तात्पुरती" म्हणून तर मुळीच नको. माणूस जातो आणि वारस कोर्टात उभे राहतात. सातबारा आणि फेरफार वकिलाला दाखवा, मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या, जमीन शेतीची असेल तर बिगरशेतीचं आधी बघा. प्रार्थनास्थळाच्या बांधकामाला कोणकोणत्या परवानग्या लागतात ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. खरेदी झाली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (न्यासाच्या नोंदीत झालेला बदल कळवणारा) द्यायचा असतो. शेजाऱ्यांना नकाशा तुम्ही स्वतः नेऊन दाखवा, गाड्या कुठे लागणार आणि स्पीकर कुठे असणार तेही सांगा.

जुनं चर्च विकून पैसे उभे करायचा विचार कुणीतरी मांडेलच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. मंजुरी मिळत असली तरी मी विकू देणार नाही. नव्या इमारतीवर छप्पर चढेपर्यंत उपासना तिथेच चालू द्या, आणि मग ती जागा संडे स्कूलला द्या, भिंतीत पक्का बसवलेल्या फळ्यासकट.