साहेबांनी विधानसभेला खोटी माहिती दिली? सही शोधा आधी

आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगा नदीचंच घ्या. समजा एका आमदारांनी तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात उत्तर द्यायचा) टाकला की अमुक नाल्याचं सांडपाणी थेट नदीत मिसळतंय हे खरं आहे काय, आणि छापील उत्तर आलं "हे खरे नाही". तुम्ही रोज त्याच नाल्यावरनं गाडी घालताय, वास नाकात बसलाय. मग काय, व्हिडिओ काढायचा, ग्रुपवर टाकायचा, चार दिवस शिव्या, विषय संपला. ज्या ऑफिसातनं ही माहिती गेली तिथल्या साहेबांना काडीचा फरक पडत नाही.

त्यापेक्षा उत्तराचे नेमके शब्द मिळवा, प्रश्न क्रमांक आणि तारखेसकट. विधिमंडळाच्या वेबसाईटवर बघा, नाहीतर आमदारांच्या पीएकडनं कॉपी मागा. आणि सावकाश वाचा, ही भाषा लई मुरलेली असते. "अंशतः खरे आहे" म्हणजे अर्धं कबूल, तिथं पकडता येत नाही. "कार्यवाही सुरू आहे" म्हणजे काहीही असू शकतं. शेवटच्या उपप्रश्नाला तर ठरलेलं, "प्रश्न उद्भवत नाही". आपल्याला सरळ विधान पाहिजे, काम पूर्ण झालं, तक्रार आलेली नाही, असलं. असं एकच वाक्य धरा, पाच नको.

आता खरी गोम. सभागृहात उत्तर देतात मंत्री, पण माहिती वर जाते ती इथनंच, कुठल्यातरी टेबलावर तयार होऊन, साहेबांची सही होऊन. ती सही काढायची. माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा आपल्या महाराष्ट्राचा नियम. "खोटं का सांगितलं" असं विचारू नका, ती माहिती होत नाही म्हणून अर्ज उडवतात. असं लिहा: तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या अनुषंगाने शासनास पाठवलेला अहवाल, जावक क्रमांकासह पत्र व संबंधित टिपणी. फाईल प्रत्यक्ष बघायचाही हक्क आहे, तो मागाच. ३० दिवसांत काही आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ, आणि तिथं धीर धरावा लागतो. विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कलम दाखवून नकार आला तर अपिलात लिहा की उत्तर सभागृहात आधीच दिलं गेलंय.

दुसरा अर्ज उत्तराच्या उलट सांगणाऱ्या कागदासाठी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस, नमुना तपासणीचा रिपोर्ट, कामाचं मोजमाप पुस्तक, जे असेल ते, पण तारीख उत्तराच्या आधीची आणि त्याच ऑफिसचा आवक शिक्का असलेलं. कारण शेवटी साहेबांवर हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याची कारवाई, आणायची, आणि त्याला नुसतं चुकीचं उत्तर पुरत नाही, माहीत असून दिशाभूल केली हे दिसावं लागतं. शिक्का नसेल तर "आमच्यापर्यंत पोचलंच नाही" म्हणून साहेब मोकळे.

हक्कभंगाची सूचना आपण देऊ शकत नाही, सदस्यच देतो. आपल्याच मतदारसंघाचा पाहिजे असं काही नाही, जिल्ह्यात विधानसभेचे १० आमदार आहेत, विधान परिषदेवालेही चालतात. त्यांना गठ्ठा देऊ नका, कुणी वाचत नाही. एकच पान, डावीकडं उत्तरातलं वाक्य, उजवीकडं कागदातलं, खाली दोन्ही तारखा. मामला जिल्हा परिषदेचा असेल तर विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येते तेव्हा अधिकाऱ्यांची साक्ष होते, त्याच्या आधी हे पान समितीकडं पोचलेलं बरं.

यानं काही होतं का? कधी होतं. २००८ ला राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगात दोन दिवसांची कैद झाली होती, अर्थात ते प्रकरण खोट्या माहितीचं नव्हतं, विशेषाधिकार समितीपुढं न जाण्याचं होतं. आणि कधी काहीच होत नाही. अमेरिकेत गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांनी मार्च २०१३ मध्ये सिनेटच्या समितीला सांगितलं की लाखो अमेरिकन लोकांचा डेटा आम्ही जाणूनबुजून गोळा करत नाही, जूनमध्ये गुप्तचर यंत्रणेचा माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यानं फोडलेली उलट सांगणारी कागदं बाहेर आली, तरी त्यांच्यावर खटला काय झाला नाही.

आमदार ढिम्म राहिले तर त्या सहीवर विभागीय चौकशी मागा, लोकायुक्तांकडं तक्रार करा. सभागृहाच्या कामकाजात कोर्ट सहसा हात घालत नाही, पण तेच विधान साहेबांनी कोर्टात प्रतिज्ञापत्रावर केलं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली, कोर्टात खोटं सांगितल्याच्या चौकशीसाठी, अर्ज करता येतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. अर्जात "खोटारडे" लिहू नका मात्र, "अभिलेखाशी विसंगत" लिहा, नाहीतर उलटी अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्याच दारात.