मिंटॉफवर पाऊण तास कसं बोलायचं

आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणीतरी एका परदेशी पुढाऱ्यावर बोलतं. मंडेला झाले, हो चि मिन्ह झाले, लिंकन दोनदा झाले. नावं चिठ्ठ्या टाकून ठरतात. माझ्या चिठ्ठीत निघाला माल्टाचा माजी पंतप्रधान डोम मिंटॉफ. नाव वाचून मला आधी एखाद्या औषधी गोळीचंच वाटलं.

पहिलं भाषण पडलं. दुसरं, शेजारच्या पेठेतल्या मंडळापुढे, जमलं. मधल्या दोन महिन्यांत जे कळलं ते इथे सांगतो. कुणाला हाच माणूस मिळाला तर उपयोगी पडेल, आणि दुसरा मिळाला तरी थोडंफार चालेल.

पहिल्यांदा मी काय केलं? "डोमिनिक मिंटॉफ यांचा जन्म ६ ऑगस्ट १९१६ रोजी बोर्मला येथे झाला." झालं. चौथ्या मिनिटाला कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे निवृत्त कांडीवाले मामा घोरायला लागले. जन्मतारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची, बोलायची नाही.

सुरुवात नकाशाने करा. इटलीचा बूट सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या चवड्यापुढचं सिसिली बेट दाखवायचं आणि त्याच्याही खाली पेन्सिलीचं टोक टेकवायचं. एवढाच देश. ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर जिल्ह्यात असे चाळीसहून जास्त माल्टा मावतील. मिंटॉफच्या उमेदीच्या काळात तिथली लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आगेमागे होती, म्हणजे आजच्या सोलापूर शहराच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नाही. हे आधी सांगितलं नाही तर लोक 'पंतप्रधान' म्हटल्यावर दिल्ली डोळ्यापुढे आणतात आणि पुढचं सगळं चुकतं. खरं तर पंतप्रधान रस्त्यात भेटेल, त्याचा काका आपल्या काकाला ओळखत असेल, असा तो देश.

भाषेवर दोन मिनिटं द्या, वाया जात नाहीत. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. पुस्तकाला म्हणतात 'क्तीब' आणि जगाला 'दिन्या'. मी हे म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतले चाचा म्हणाले, "किताब, दुनिया! मग हे आपलेच की." वर त्यांनीच सांगितलं की देवबंदचे मौलाना महमूद हसन यांना इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात माल्टातच कैदेत ठेवलं होतं, १९२० पर्यंत. माझ्या टिपणात ते नव्हतं. तेव्हा श्रोत्यांना मधे बोलू द्या.

आता गोदी. हा सगळ्या भाषणाचा पाया आहे, इथे घाई नको. बोर्मला हे बंदराकाठचं गाव आणि त्याला लागून इंग्रज आरमाराची जहाजदुरुस्तीची गोदी. गावाचा पगार गोदीतून यायचा. मिंटॉफचा बाप आरमारात स्वयंपाकी, आई व्याजाने पैसे द्यायची. माझे वडील गिरणीत जॉबर होते, साचेखात्यात. त्यामुळे मी हा भाग असा सांगितला: भोंगा झाला की चूल पेटायची, भोंगा बंद पडला की वाण्याची उधारी बंद व्हायची. तिथे भोंग्याच्या जागी आरमार. इंग्लंडने जहाजं कमी केली की बोर्मलात माणसं घरी बसायची. एवढं सांगितल्यावर पहिल्या रांगेतले तिघे सरळ होऊन बसले. मिंटॉफ पुढे जन्मभर जे जे करत गेला, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीतून येतं: दुसऱ्याच्या आरमारावर आपली चूल.

शिक्षण एका वाक्यात आटपा: वास्तुविशारद आणि इंजिनिअर झाला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला. लोक त्याला शेवटपर्यंत 'इल-पेरीट' म्हणायचे, म्हणजे वास्तुविशारद. आपण 'मास्तर' म्हणतो तसं. तो इंग्लंडात असताना घरी बॉम्ब पडत होते. माल्टाने एवढं सोसलं की एप्रिल १९४२ मध्ये राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. गोदीशेजारचं बोर्मला तर भुईसपाट झालं. १९४७ च्या माल्टातल्या मजूर पक्षाच्या सरकारात मिंटॉफला खातं मिळालं ते बांधकाम आणि पुनर्बांधणीचं. दोन वर्षांत त्याने आपल्याच नेत्याला, पॉल बोफ्फा यांना, बाजूला सारून पक्ष हातात घेतला. पस्तीस वर्षं सोडला नाही.

तो म्हणायचं की ते? मी सुरुवातीला 'मिंटॉफ साहेब' म्हणत होतो. एक विडी कामगार मावशी म्हणाल्या, "स्वयंपाक्याचं पोरगं ना? मग साहेब कशाला." तेव्हापासून 'तो'.

१९५६ च्या सार्वमतापाशी नीट थांबा, इथे पोरं जागी होतात. वसाहतीचा पुढारी, वय चाळिशीच्या आत, आणि मागणी काय? स्वातंत्र्य नव्हे. इंग्लंडमध्ये सामील करून घ्या, लंडनच्या संसदेत आम्हाला तीन जागा द्या, आणि पगार-पेन्शन इंग्रज कामगाराच्या बरोबरीने द्या! सोलापूरकरांना हे पचत नाही. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजाला पळवून लावून मार्शल लॉ सोसलेलं आपलं गाव. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघणारे आपण. एकाने विचारलंच, "असला कसला पुढारी?" तेव्हा पुन्हा गोदी दाखवायची. सामील झालो तर पगार इंग्रजाएवढा, नाहीतर आरमार जाईल त्या दिवशी उपास.

आकडे फळ्यावर लिहा. बाजूने ६७,६०७, विरुद्ध २०,१७७. सत्त्याहत्तर टक्के होय! टाळ्या पडू द्या, मग सांगा की मतदानच ५९ टक्के झालं होतं. विरोधी राष्ट्रवादी पक्षाने बहिष्कार घातला होता आणि आर्चबिशप गोंझी विरोधात होते. म्हणजे यादीतल्या दर शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनीच होय म्हटलं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इथे विचारा, कौल मिळाला का? दहा मिनिटं भांडतात. इंग्लंडनेही पैशावरून हात आखडता घेतला, गोदीत कपातीची भाषा सुरू झाली, आणि एप्रिल १९५८ मध्ये मिंटॉफ पंतप्रधानपदाचा राजीनामा देऊन रस्त्यावर उतरला. आता घोषणा स्वातंत्र्याची. ते मिळालं १९६४ मध्ये, पण त्याच्या विरोधकाच्या, बोर्ग ऑलिव्हिए यांच्या हातून.

मधला चर्चचा वाद सांगताना धर्मशास्त्रात शिरू नका. आपल्याकडे शब्द तयार आहे: वाळीत टाकणं. १९६१ मध्ये चर्चने मजूर पक्षाच्या कार्यकारिणीला वाळीत टाकलं. पक्षाचा पेपर वाचणं पाप, विकणं पाप, पक्षाला मत देणं पाप. देश कॅथलिक, गाव तिथे चर्च. कबुलीजबाबाला गेलं की पाद्री विचारणार, मत कुणाला देणार? पक्षाचे नेते आणि लेखक जुझे एलुल मर्सर त्याच वर्षी वारले, तर त्यांना पवित्र न केलेल्या जमिनीत पुरलं. लोक त्या जागेला 'मिझबला' म्हणायचे, म्हणजे उकिरडा. हे सांगून मी पाण्याचा पेला उचलला आणि मुद्दाम थोडा वेळ काही बोललो नाही. खोलीतल्या कुणाकुणाच्या घरात जातपंचायतीचा इतिहास आहे, हे मला माहीत होतं. तडजोड झाली १९६९ मध्ये, तोवर पक्ष निवडणूक हरला होता.

१९७१ ला तो निवडून आला. यापुढचा भाग मंगळवार बाजाराच्या भाषेत सांगा, कारण तो बाजारच आहे. इंग्रजांचा तळ माल्टात होता आणि त्याचे वर्षाला साधारण पन्नास लाख पौंड मिळत. मिंटॉफ म्हणाला, भाडं वाढवा नाहीतर जागा खाली करा. नाटोचं कार्यालय हलवायला लावलं, गव्हर्नर जनरलला घरी पाठवलं. मुदत दिली, वाढवली, पुन्हा दिली. इंग्रज खरोखरच सामान बांधायला लागले. दुसरीकडे हा लिबियाच्या गद्दाफीशी बोलतोय, चीनशी बोलतोय. गिऱ्हाइकाने दोन पावलं पुढे जायचं आणि दुकानदाराने हाक मारायची, तसं नऊ महिने चाललं. मार्च १९७२ मध्ये सौदा पटला तो वर्षाला एक कोटी चाळीस लाख पौंडांवर. सात वर्षांचा करार. ३१ मार्च १९७९ ला तो संपला आणि इंग्रज आरमार कायमचं गेलं.

चीनचं नाव निघालं की कुणीतरी डॉ. कोटणीसांना मधे आणणारच. भैय्या चौकातलं त्यांचं घर इथून हाकेच्या अंतरावर, मलाही मोह झाला होता. कोटणीस १९४२ मध्ये गेले, माल्टा-चीन संबंध जुळले १९७२ मध्ये. दोन्हींचा संबंध नाही. ओढूनताणून गाव जोडू नका. तसंच "म्हणजे आपल्या अमक्यासारखा!" असं कुणी म्हटलं तर हसून पुढे जा. ते नाव तुम्ही उच्चारलंत की मिंटॉफ संपला.

केलेली कामं भराभरा सांगा: १९७४ मध्ये प्रजासत्ताक, स्वतःची विमान कंपनी, मुलांचे भत्ते, नोंदणी विवाह, अठराव्या वर्षी मत. समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत ते १९७३ मध्ये, अशा कर्मठ देशात.

आणि मग, आवाज न बदलता, दुसरी बाजू. भक्त इथे चुळबुळतात, बोलत राहा. त्याच १९७३ मध्ये तिथल्या नॅशनल बँकेच्या भागधारकांकडून शेअर भरपाईशिवाय काढून घेतले; वारस कित्येक दशकं कोर्टात होते. मी बँकेत बत्तीस वर्षं काढली आहेत, हे सांगताना माझा आवाज बदलला, ते मान्य करतो. १५ ऑक्टोबर १९७९ ला त्याच्या समर्थकांच्या जमावाने 'टाइम्स ऑफ माल्टा'ची इमारत जाळली आणि विरोधी नेते एडी फेनेक अदामी यांच्या घरात घुसून मोडतोड केली, पत्नीला मारहाण केली. पेपर मात्र दुसऱ्या दिवशी निघाला, दुसरीकडे छापून.

आता १९८१. त्या निवडणुकीत राष्ट्रवादींना मतं ५०.९ टक्के, मजूर पक्षाला ४९.१. जागा मात्र मजूर ३४, राष्ट्रवादी ३१. हे नुसतं सांगून कळत नाही. तीन ताटल्या, शेंगदाणे आणि फुटाणे आणा. तिथे तेरा मतदारसंघ, प्रत्येकी पाच जागा, मत पसंतीक्रमाने. आपल्या आमदारांनी राज्यसभेसाठी द्यायचं तसं, कोट्याचं. ताटलीत साठ दाणे आणि जागा पाच, तर साठला सहाने भागून एक मिळवायचा. कोटा अकरा, म्हणजे एका जागेला अकरा दाणे. शेंगदाणे म्हणजे मजूर, फुटाणे राष्ट्रवादी. पहिल्या दोन ताटल्यांत प्रत्येकी तेहतीस शेंगदाणे, सत्तावीस फुटाणे. तेहतीस म्हणजे बरोबर तीन कोटे. फुटाण्यांचे दोन कोटे आणि पाच दाणे वाया. तिसऱ्या ताटलीत बावीस शेंगदाणे, अडतीस फुटाणे. शेंगदाण्याला दोन जागा, फुटाण्याला तीन, पुन्हा पाच वाया. आता बेरीज कुणालातरी करायला लावा. शेंगदाणे अठ्ठ्याऐंशी, जागा आठ. फुटाणे ब्याण्णव, जागा सात!

"म्हणजे ताटल्या कुणी भरल्या ते महत्त्वाचं," मावशी म्हणाल्या. मतदारसंघांच्या हद्दींवरून माल्टात नेमका हाच आरोप झाला. विरोधक बराच काळ संसदेत गेले नाहीत. १९८४ मध्ये मिंटॉफ पायउतार झाला. १९८७ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली: निम्म्याहून जास्त मतं ज्याला, त्याला जादा जागा देऊन बहुमत. त्याच वर्षी तिचा फायदा राष्ट्रवादींना मिळाला आणि मजूर पक्ष घरी गेला.

इथे थांबलात तर १९९८ राहून जाईल आणि ते सोडून चालणार नाही. मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर, पंतप्रधान आल्फ्रेड सांत, बहुमत एका जागेचं. आणि ती एक जागा कुणाची म्हणाल तर ब्याऐंशीला टेकलेल्या या म्हाताऱ्याची. सरकारला बोर्मलाच्या बाजूच्या बंदरकाठावर श्रीमंतांच्या बोटींसाठी धक्का करायचा होता. मिंटॉफने विरोधात मत दिलं. सांत यांनी तो विश्वासाचा प्रश्न केला, सरकार पडलं, आणि सप्टेंबरच्या निवडणुकीत पक्ष हरला. जो पक्ष त्याने पस्तीस वर्षं चालवला, तो त्यानेच पाडला, आणि तोही जिथून निघाला त्या गोदीकाठावरून. मृत्यू २० ऑगस्ट २०१२, वय ९६. ही तारीखही फळ्यावरच.

प्रश्नांना पंधरा मिनिटं ठेवा. "त्याचं बरोबर की चूक?" हा पहिला प्रश्न येईल. मी हात वर करायला लावले. तेवीस जणांत बारा-अकरा झालं, आणि कांडीवाले मामा, जे या खेपेला पूर्ण जागे होते, त्यांनी दोन्ही वेळा हात वर केल्याचं कुणीतरी पाहिलं.

एक राहिलं. दाणे मोजून आणा आणि बेरीज होईपर्यंत पहिल्या रांगेपासून लांब ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या ताटलीत सत्तावन्नच निघाले, फेरमोजणीची मागणी झाली, आणि तोवर आणखी सहा गेले होते.