कॉइलओव्हर बसवण्याआधी: जॅक लावण्यापूर्वीची तयारी

कॉइलओव्हरचा, म्हणजे गाडीची उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटचा, खोका घरी आला की हात शिवशिवतात. माझा खोका दोन दिवस हॉलमध्येच होता, आणि येताजाता मी झाकण उचलून त्या चकचकीत आट्यांकडे बघून घ्यायचो. बसवायला मात्र पुढे सव्वा महिना गेला. तो आळसात गेला नाही, तयारीत गेला. खालचं सगळं माझ्या २०१९ च्या स्विफ्टवरून लिहितोय, पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

पहिलं काम गाडीवर नाहीच, रस्त्यावर आहे. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट गतिरोधक कोणता हे तुम्हाला पाठ असतं. एका पहाटे टेप आणि सुतळी घेऊन तो मोजून या. मी मोजत होतो तेव्हा दुधाच्या गाडीवाल्याने थांबून विचारलं, "काय सायेब, काढणार हाय काय ह्यो ब्रेकर?" नाही म्हटल्यावर त्याचं तोंड पडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोलाईचा हंप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. माझ्या स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर, म्हणजे अशा हंपवर गाडी मधोमध आली तरी चारही चाकं हंपवरच असतात आणि पोटाखाली हिशोबाने साडेचार सेंटिमीटरच वर येतात. आमच्या कोपऱ्यावरचा ब्रेकर ५५ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच निघाला. त्याच्या पलीकडे पुढची चाकं उतरतात, अलीकडे मागची असतात, आणि १२ च्या १२ सेंटिमीटर थेट पोटाखाली येतात. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीच्या हिशोबाने १६३ मिलिमीटर. आता वजाबाकी तुमची तुम्ही करा.

ती वजाबाकी करताना गाडीत कोण बसतं तेही धरायचं. सुटीत फोंडा घाटातून कणकवलीला उतरताना आमच्या मागच्या सीटवर तिघं असतात आणि डिकीत आंब्याची पेटी नाहीतर तांदळाचं पोतं. मागे प्रत्येक बाजूला शंभरेक किलो जादा आले आणि स्प्रिंग ४ किलो प्रति मिलिमीटरची असली, तर ढोबळमानाने गाडी तिथेच २५ मिलिमीटर बसते. शिवाय तुम्ही आधीच खाली घेतलेली असते ती वेगळीच. म्हणून मी ठरवलं, पुढे २० आणि मागे १५ मिलिमीटर खाली घ्यायची, त्याच्या खाली जायचं नाही. मित्रांनी नावं ठेवली. चाक आणि मडगार्डमध्ये दोन बोटं जातायत म्हणजे ही कसली लो केलेली गाडी, वगैरे.

फोटोसाठी गाडी जमिनीला टेकवणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली घेतली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर सरकतं. आर्म आडवा होऊन पुढे उलटा कलायला लागला की रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. गाडी दिसते बसकी, पण वळणात कलण्याचा जोर उलट वाढतो, आणि मग तो दाबायला आणखी कडक स्प्रिंग लागते. सोबत टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडतो आणि खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप हलतं. तेव्हा गाडी सपाट जागी उभी असताना खाली वाकून आर्म आत्ता कसा कललाय ते बघून, फोटो काढून ठेवा. किती खाली जायला वाव आहे याचं उत्तर तिथेच मिळतं.

सेट अजून मागवला नसेल तर दोन गोष्टी बघून घ्या. काहींमध्ये उंची फक्त स्प्रिंगखालची कॉलर फिरवून बदलते. काहींमध्ये खालचा ब्रॅकेट स्वतःच आट्यांवर फिरतो, त्यामुळे स्प्रिंगला हात न लावता उंची बदलता येते आणि शॉकअपचा प्रवास शाबूत राहतो. दुसरा प्रकार महाग असतो, पण आपल्या खड्ड्यांसाठी तोच घ्यावा असं माझं मत. प्रीलोड, म्हणजे कॉलरने स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते हा गॅरेजोगॅरेजी पसरलेला गैरसमज आहे. सरळ वळ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा वाढत नाही, ती फक्त आधीपासून दाबलेली राहते. खरा कडकपणा स्प्रिंगवरच छापलेला असतो. ६२-१८०-५ असं दिसलं तर आतला व्यास ६२ मिलिमीटर, लांबी १८० आणि ५ किलो प्रति मिलिमीटर. खोका उघडल्यावर चारही स्प्रिंगांवरचे आकडे वाचून पुढच्या-मागच्या जोड्या जुळतात का बघा. आणि मागच्या बाजूला "कॉइलओव्हर" म्हणून एकसंध नळकांडं दिसलं नाही तर घाबरू नका. स्विफ्टच्या मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो, त्यामुळे उंची बदलायची कॉलर स्प्रिंगच्या बैठकीत येते.

कायद्याचं सांगून टाकतो, मग पुढे जाऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून आरटीओत जाऊन तुमच्या गाडीच्या बाबतीत काय चालतं ते आधी विचारा, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरने चाकाच्या आत डोकावून बघितल्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. फक्त ट्रॅकवर चालवायची गाडी असेल तर ती ट्रेलरवरून नेणं उत्तम.

आता किरकोळ सामान. यात माझी फजिती झाली म्हणून जरा थांबून सांगतो. पैशाचा मोठा घास सेट घेतो आणि बाकीचं आपण विसरतो. जुनं वरचं माउंटिंग परत वापरायचं असेल तर नवं रबर माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग दोन्ही बाजूंसाठी आणा. लाख दीड लाख किलोमीटर झालेलं बेअरिंग नव्या स्ट्रटवर चढवलं की स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टंग्‌ करून उडी मारते आणि तुम्ही आठवडाभर आवाज शोधत बसता. सेटसोबत गोळ्याचं माउंटिंग, म्हणजे पिलोबॉल, आलं असेल तर बेअरिंगचा प्रश्न मिटतो, मात्र खडखड थेट केबिनमध्ये ऐकू येते. ती पसंत आहे का, हे आधीच ठरवा. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारे रबर) आणि धूळ अडवणारे बूट सेटमध्ये आहेत का ते तपासा. एकदाच वापरायचे लॉकनट नवे घ्या. आणि लिंक रॉड. वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारचा तो दांडा स्ट्रटला जोडलेला असतो. माझ्याकडे त्याचा नट इतका गंजला होता की पाना लावला की आतला गोळाच सोबत फिरायचा. शेवटी ग्राइंडरने कापला. शनिवारी संध्याकाळचे पाच वाजले होते, गाडी स्टँडवर होती आणि नवा लिंक रॉड कुठल्याच दुकानात नव्हता. दोन लिंक रॉड आधीच आणून ठेवा. नाही लागले तर पुढच्या सर्व्हिसिंगला लागतीलच.

सगळ्यात महत्त्वाची तयारी मात्र बिनखर्चाची आहे, जुनी मापं घेणं. टायरमधली हवा नेमकी भरा, पेट्रोल अर्धी टाकी ठेवा, डिकी रिकामी करा. फरशी लेव्हलमध्ये आहे का हे डोळ्यांनी कळत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा आणि चार चाकांच्या जागा खडूने आखून पाण्याची पातळी जुळवून बघा. आमच्या पार्किंगमध्ये डाव्या मागच्या कोपऱ्याला ११ मिलिमीटरचा उतार निघाला. तिथे प्लायचा तुकडा ठेवला. नंतर गाडी दोनदा पुढेमागे ढकलून थांबवा आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, जमिनीपासून नको. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवा मापात घुसते. चारही आकडे कागदावर लिहा. एकदा ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवून परत मोजा, कारण गाडी आपण रिकामी चालवत नाही. माझ्या मित्राने हे न करता सगळं उघडलं. नंतर मूळ उंची काय होती हे कुणालाच सांगता येईना आणि "किती खाली आली" या प्रश्नावर तीन जणांची तीन उत्तरं होती.

नव्या स्ट्रटची लांबीही जुन्याशेजारी ठेवून जुळवायला लागते, म्हणून खोक्यातल्या सेटवर सुरुवातीची खूण आधीच करून ठेवा. डाव्या-उजव्या कॉलरखाली दिसणारे आटे मोजून सारखे करा आणि पेंट मार्करने रेघ ओढा. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे ते गंजून अडकू नयेत म्हणून मिळणारी पेस्ट, लावा. घाटात पावसाळी तांबडा चिखल आट्यांत जाऊन वाळला की कॉलर अशी बसते की ती फिरवायचा सी-पाना वाकतो, पण ती हलत नाही. माझा खोक्यात आलेला सी-पाना तर पहिल्याच दिवशी वाकला. उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून जाड पट्टीचा करून घेतला, तो आता खानदानी झालाय.

हत्यारांचं फार वाढवत नाही. दोन जॅक असले तर बरं, पण चार स्टँड हवेतच. विटा किंवा टायर रचून गाडीखाली शिरायचं नाही. १२ ते १९ पर्यंतच्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा, ॲलन की, वायर ब्रश आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा उसना आणा, आणि टॉर्कचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आधीच कागदावर उतरवा. "हाताला कळतं" म्हणणाऱ्यांचे मोडलेले बोल्ट मी बघितलेत. जुनं माउंटिंग परत वापरायचं असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागणार. ते काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सटकली तर जबडा फोडते. दोन्ही जुने स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्या, मिस्त्री प्रेसवर वीस मिनिटांत मोकळे करून देतो. तिथे एवढं मात्र सांगा, की वरचा नट इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटक्याने नट फिरवणाऱ्या यंत्राने, फिरवू नको. गनने रॉड सोबत गरगरतो आणि आतलं सील जातं. नव्या शॉकअपला तर हे अजिबात नको, ॲलन की ने रॉड धरून हातानेच.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांवर वायर ब्रश मारून गंज सोडवणारं तेल फवारा, तासाभराने परत फवारा. नकलला, म्हणजे चाक आणि ब्रेक ज्यावर बसतात त्या भागाला, स्ट्रट धरणाऱ्या दोन बोल्टांची जागा पेंट मार्करने खुणा करून ठेवा, म्हणजे निदान गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत सरळ जाईल. जाड तार किंवा मोटरसायकलची जुनी चेन जवळ असू द्या. स्ट्रट सुटला की नकल बाहेर कलंडतो आणि आतल्या बाजूने एक्सलचा जॉइंट ओढला जातो, शिवाय ब्रेकच्या होजवर सगळा भार येतो. तो तारेने बांधून ठेवायचा. एबीएसची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून काढल्याचं लक्षात ठेवायला मी स्टिअरिंगवर चिकटपट्टी लावली होती, तुम्हीही लावा. हसतील, पण लावा.

रबर बुश असलेले बोल्ट, विशेषतः मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट, गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नसतात. तसं केलं तर गाडी खाली बसल्यावर बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून चाकांवर वजन असतानाच हात घालता येईल अशी सोय, रॅम्प म्हणा की खड्डा म्हणा, आधीच बघून ठेवा. आमच्या ओळखीच्या गॅरेजचा खड्डा शनिवारी दुपारी मोकळा असतो, त्यामुळे मी सगळं काम शनिवारीच काढलं.

डँपिंगच्या, म्हणजे शॉकअपच्या कडकपणाच्या, क्लिक कुठे ठेवायच्या तेही आधी ठरवा, नाहीतर उत्साहात सगळं कडक करून बसाल. शॉकअपवरचा नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा. जोर लावायचा नाही, आतली सुई खराब होते. तिथून उलटं मोजत मधोमध या आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवा. नोंदवहीत तारीख, किलोमीटर, क्लिक आणि चार उंच्या लिहायला रकाने आखा.

अलाइनमेंटवाल्याला दोन वेळा सांगून ठेवा, एकदा बसवल्या दिवशी आणि एकदा पाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्यावर. त्याचा रॅम्प खाली आलेल्या बंपरला लागतो का ते विचारायचं राहू नये. मागे टॉर्शन बीम असल्यामुळे तिथे फिरवायला काही नाही, पुढचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, मात्र बदललेला असणारच, आणि तो न सुधारता चालवली तर टायर आतल्या कडेने महिन्याभरात खाल्ले जातात. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी भिंतीवर बघून घ्या.

काढलेले चारही जुने शॉकअप आणि स्प्रिंगा पुसून, "पुढे डावा", "पुढे उजवा" असं लिहून, गोणपाटात बांधून माळ्यावर टाका. गाडी विकताना त्याच परत चढवायच्या आहेत.