अर्धं काम बाजूला ठेवून ब्रांच बदलताना

बेळगावात बिलाचं सॉफ्टवेअर करायचं म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. कन्नड लेबलांचं काम अर्ध्यावर असतं, तेवढ्यात निपाणीच्या दुकानदाराचा फोन येतो: "अहो, जीएसटी दोनदा लागतोय, आत्ताच बघा की!" माझा कोड गिटमध्ये असतो, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात. अर्धं काम एका ब्रांचवर (कोडच्या शाखेवर) असतं आणि दुरुस्ती मेन, म्हणजे मुख्य ब्रांचवर करायची असते. "तात्पुरतं कमिट (बदलांची पक्की नोंद) मारून टाक" हा सल्ला मला पटत नाही. असली अर्धवट कमिटं नंतर विसरून तशीच पुश होतात, म्हणजे सर्व्हरवर जातात.

आधी 'गिट स्टेटस' बघा, काय काय बदललंय ते दिसतं. मग स्टॅश करा, म्हणजे अर्धवट बदल गिटकडे बाजूला ठेवा, पण सावकाश.

नुसतं 'गिट स्टॅश' गिटला आधीपासून ठाऊक असलेल्याच फायली उचलतं. एकदाही ॲड न केलेली नवी फाईल जागेवरच राहते आणि तुमच्या मागोमाग दुसऱ्या ब्रांचवर येते. माझी कन्नड शब्दांची फाईल अशीच मेनवर आली. कचरा समजून मी ॲड न केलेल्या फायली पुसणारं 'गिट क्लीन -एफ' मारलं. शेजारच्या काकांना विचारून विचारून दोन दिवस टाइप केलेले शब्द गेले ते गेलेच. गिटकडे मागणार तरी काय? ती फाईल मी त्याला कधी दिलीच नव्हती.

म्हणून पूर्ण लिहा: 'गिट स्टॅश पुश -यू -एम "कन्नड बिल, बेरजेची ओळ बाकी"'. '-यू'नं नव्या फायलीही आत जातात. '-एम'चा आळस करू नका. बिननावाचे चार स्टॅश साठले की कुठला कशाचा ते कळत नाही. '-ए' मात्र नको, ते इग्नोर केलेला पसाराही उचलतं. आता पुन्हा स्टेटस बघा. काहीही शिल्लक दिसलं तर पुढे जाऊ नका.

'गिट स्विच मेन', दुरुस्ती, कमिट, पुश. स्विच ही कमांडच गिटला ठाऊक नसेल तर गिट ऑगस्ट २०१९ च्या आधीचं आहे, 'गिट चेकआउट मेन' वापरा.

परतताना आधी आपल्या ब्रांचवर या. स्टॅश ब्रांचला बांधलेला नसतो, मेनवर उघडलात तर तिथंच सांडेल. सगळे 'पॉप' सांगतात, ते बदल परत आणून स्टॅश लगेच पुसतं. मी 'गिट स्टॅश अप्लाय' करतो (बदल परत येतात, स्टॅशही राहतो), प्रोग्राम चालवून बघतो आणि मगच स्टॅश पुसायला 'गिट स्टॅश ड्रॉप'. पॉप करताना कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच ओळीतले बदल एकमेकांशी भिडले, तर स्टॅश यादीतच राहतो, घाबरून पुन्हा पॉप करू नका. कॉन्फ्लिक्ट सोडवा, मग हातानं ड्रॉप करा.

चुकीचा ड्रॉप झालाच तर टर्मिनल बंद करू नका. तिथं छापलेला लांबलचक हॅश (अक्षरं-आकड्यांची ओळखखूण) उचलून 'गिट स्टॅश अप्लाय'पुढे चिकटवा.