वजन कमी करायला निघालात? आधी एक कागद घ्या

मी व्यायाम शिकवते. नवीन माणूस आला की वजनकाट्यावर उभं करण्याआधी मी दोन गोष्टी विचारते: किती किलो कमी करायचेत आणि कधीपर्यंत? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पंधरा किलो, तीन महिन्यांत. मग मी त्यांच्याच हातात पेन देते.

तुम्हीही हे गणित करून बघा. 1 किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या खाण्यात आणि हालचालीत मिळून 500 कॅलरींची तूट ठेवली, तर 1 किलोला पंधरा दिवस लागतात. तीन महिन्यांचे झाले पाच-सहा किलो, तेही कागदावरच. प्रत्यक्षात वजन उतरतं तसं शरीर कमी ऊर्जेत भागवायला लागतं, मध्ये एखादं आजारपण येतं, कुणाचं लग्न येतं. म्हणून मी तीन-चार किलोच धरायला सांगते. आकडा बघून चेहरे पडतात. पडू देत. तिसऱ्या महिन्यात पडण्यापेक्षा पहिल्या दिवशी पडलेले बरे.

ही फक्त माझ्याकडे येणाऱ्यांची गोष्ट नाही. अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली 60 लठ्ठ स्त्रियांना त्यांचं ध्येय विचारलं. सरासरी उत्तर होतं, आहे त्या वजनाच्या 32 टक्के घट. 17 किलोंची घट त्यांच्या लेखी ‘निराशाजनक’ होती. 48 आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी 16 किलो उतरले. एवढी मोठी कमाई, पण त्यांच्याच मापाने ती निराशेतही बसत नव्हती! म्हणून ध्येय किलोंत लिहू नका, टक्क्यांत लिहा. पहिला टप्पा 5 टक्क्यांचा: 90 किलोंच्या माणसाला साडेचार किलो. हा आकडा अगदीच फुटकळ वाटतो ना? पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. त्यात ध्येय होतं फक्त 7 टक्के वजन आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल. तेवढ्यावर सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं.

आता काट्याचे नखरे. पहिल्या आठवड्यात खाणं आवरलं की काहींचा काटा एकदम दीड-दोन किलो खाली येतो. पेढे वाटू नका. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा उतरला की ते पाणीही जातं. दुसऱ्या आठवड्यात वेग मंदावला की लोक म्हणतात, ‘डाएट थांबलं’. काही थांबलेलं नसतं, पाणी जायचं तेवढं गेलेलं असतं. उलटही होतं. सवय नसलेल्या स्नायूंना काम दिलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते ठणकतात, थोडे सुजतात आणि पाणी धरतात. इमानदारीत आठवडाभर व्यायाम केलेल्या माणसाचा काटा अर्धा किलो वर! पाळीच्या आधीचे दिवस, एखादं खारट जेवण, बद्धकोष्ठता यांनीही किलोभर इकडेतिकडे होतं. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर मूड ठरवायचा नाही. रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रोजचा आकडा बघून जीव टांगणीला लागत असेल, तर आठवड्यातून एकदाच, त्याच वारी. सोबत बेंबीच्या पातळीवर कंबरेचा घेर टेपने मोजा, महिन्यातून दोनदा पुरे.

व्यायामाकडून काय मागायचं, हेही आधीच ठरलेलं बरं. अर्धा तास भराभर चाललं तर मध्यम वजनाच्या माणसाचे जेमतेम दीडशे कॅलरी जातात. एवढे मूठभर शेंगदाण्यांत परत येतात. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताटात होतं. व्यायाम स्नायू टिकवतो, झोप सुधारतो आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू देत नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाईल ही अपेक्षा तर आजच सोडून द्या. चरबी कुठून आधी जाणार हे तुमचं शरीर ठरवतं, आणि त्याच्याशी भांडून उपयोग नसतो.

पहिल्या महिन्यात बघण्यासारखं दुसरंच असतं. जिना चढून बोलता येतंय का, दुपारची सुस्ती कमी आहे का, खाली बसून हात न टेकता उठता येतंय का. कागदाच्या मागच्या बाजूला हे लिहून तारीख टाका. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे मनावर घेऊ नका. लंडनमधल्या 2010 च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला काहींना 18 दिवस लागले, काहींच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्यामुळे ‘सोमवारपासून पुन्हा’ नको, पुढच्या जेवणापासून पुन्हा.

घरचे विचारणारच, ‘किती उतरलं?’ या प्रश्नाला मी एकच उत्तर शिकवते: ‘तीन महिन्यांनी सांगते.’

दीड-दोन महिने सरासरी अजिबात हलली नाही, तर आधी खाणं एक आठवडा मोजून-मापून लिहा. तेल बाटलीतून थेट न ओतता चमच्याने घ्या. एका मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी असतात आणि नजरेचा अंदाज नेहमी आपल्या बाजूने चुकतो. तरीही नाही, तर डॉक्टर. थायरॉइड तपासायला हवा का, चालू औषधांपैकी एखाद्याने वजन वाढतंय का, हे विचारा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मात्र खाणं कमी करण्याआधीच भेटा, कारण डोस बदलावा लागू शकतो.