मानसशास्त्रीय चाचणी कशी निवडावी, कशी घ्यावी आणि निकाल कसा वाचावा

चाचणीची पेटी उघडण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहा: या मूल्यमापनातून आपल्याला नेमकं काय ठरवायचं आहे? "मुलाची बुद्धिमत्ता तपासून द्या" एवढ्यावर कामाला लागू नये. "आठ वर्षांचं मूल तोंडी उत्तरं नीट देतं, पण वाचता-लिहिताना अडतं, अडचण फक्त वाचनाची आहे, एकूण आकलनाची आहे, की नजर, ऐकणं किंवा भीती यांपैकी काही आड येतंय?" हा कामाचा प्रश्न झाला. तो हातात असला की कोणत्या चाचण्या लागतील आणि कोणत्या वगळायच्या हे बरंचसं तिथेच ठरतं. प्रश्न मोघम राहिला तर चार-पाच चाचण्या होतात, आकड्यांचा ढीग जमतो आणि पालकांनी जे विचारलं होतं ते तसंच राहतं.

चाचणी आणि मूल्यमापन यांत गल्लत करू नका. ठरलेल्या पद्धतीनं वर्तनाचा छोटा नमुना घेऊन त्याला गुण देणं म्हणजे चाचणी. मुलाखत, निरीक्षण, जुन्या नोंदी, घरच्यांनी किंवा शिक्षकांनी दिलेली माहिती आणि चाचणीचे गुण हे सगळं एकत्र ठेवून उत्तर शोधणं म्हणजे मूल्यमापन. एकट्या चाचणीवरून निदान लिहू नये.

निवड करताना

चाचणीच्या मार्गदर्शिकेत तीन गोष्टी शोधा. पहिली विश्वसनीयता, म्हणजे मोजमाप किती स्थिर आहे. एकाच माणसाबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तर विश्वसनीयता गुणांक ०.९० किंवा त्याहून जास्त असावा, ०.७०चा गुणांक गटांच्या अभ्यासाला चालतो, व्यक्तीच्या निर्णयाला नाही. दुसरी वैधता, म्हणजे चाचणी जे मोजायचं म्हणते तेच मोजते का. इथे "ही चाचणी वैध आहे का?" असं विचारून भागत नाही, "माझ्या या कामासाठी, या वयाच्या माणसांसाठी वैध असल्याचा पुरावा आहे का?" असं विचारा. नैराश्याची चाळणी करणारी प्रश्नावली नोकरभरतीत वापरली तर ती कितीही चांगली असली तरी तिथे निरुपयोगीच.

तिसरी गोष्ट मानकं, म्हणजे तुलनेसाठी आधीच तपासलेल्या गटाचे गुण, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. गुणांना अर्थ येतो तो तुलनेतून, म्हणून तुलनेचा गट कोणता, किती मोठा आणि कोणत्या वर्षी तपासलेला हे पाहा. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमत्ता चाचण्यांवरचे सरासरी गुण दर दहा वर्षांनी साधारण तीन अंकांनी वाढत गेल्याचं आढळलं. याला फ्लिन परिणाम म्हणतात. त्यामुळे जुन्या मानकांवर तपासलेला माणूस आहे त्यापेक्षा वरचा दिसू शकतो. भाषेचंही तसंच. आयत्या वेळी तोंडी भाषांतर करून घेतलेली चाचणी ही मूळ चाचणी राहत नाही. शब्द बदलला की प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते आणि गुणांना मानकांशी जोडणारा मूळ तक्ता लागू होत नाही.

चाचणी घेताना

खोली शांत, उजेड पुरेसा, टेबल मोकळं, फोन बंद. चष्मा किंवा श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलं आहे ना, रात्री झोप झाली का, कोणतं औषध चालू आहे, हे विचारून नोंदवा. चाचणी कशासाठी आहे, माहिती कोणाला दिली जाईल, आणि मध्येच थांबता येतं, हे सोप्या शब्दांत सांगून संमती घ्या. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्याच, पण मुलालाही विचारा. भेदरलेल्या मुलाचे गुण त्याची क्षमता दाखवत नाहीत, म्हणून पहिली काही मिनिटं ओळखीसाठी ठेवा. तो वेळ वाया जात नाही.

सूचना मार्गदर्शिकेतल्या शब्दांतच द्या. पाठ असल्या तरी समोर ठेवून वाचा. "बरोबर" किंवा "चुकलं" असं म्हणू नका. कौतुक करायचं ते प्रयत्नाचं. उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या, कारण गुण देताना "साधारण असंच काहीतरी म्हणाला" याचा उपयोग होत नाही. वेळ स्टॉपवॉचनं मोजा, पण ते समोर नाचवू नका. कुठून सुरुवात करायची आणि लागोपाठ किती चुकांनंतर थांबायचं याचे नियम प्रत्येक उपचाचणीत (चाचणीच्या लहान भागात) वेगळे असतात. "बिचाऱ्याला अजून दोन देऊन पाहू" असं करून मिळालेले गुण तक्त्यात बसत नाहीत.

गुण काढताना

वयापासून सुरुवात करा. चाचणीची तारीख १० मार्च २०२४ आणि जन्मतारीख २५ ऑगस्ट २०१५ असेल, तर महिना ३० दिवसांचा धरून उसना घ्या: ४० वजा २५ म्हणजे १५ दिवस, १४ वजा ८ म्हणजे ६ महिने, २०२३ वजा २०१५ म्हणजे ८ वर्षं. वय ८ वर्षं ६ महिने १५ दिवस. ते वर ओढून ७ महिने करू नका. वयोगटाच्या सीमेवर एवढ्यानं तक्ता बदलतो. प्रश्नावल्यांत काही विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात, ती आधीच खुणावून ठेवा. बेरीज दुसऱ्यांदा करा, शक्य असेल तर दुसऱ्या कोणाकडून.

आकड्यांचा अर्थ

कच्चे गुण, म्हणजे उत्तरांची नुसती बेरीज, स्वतंत्रपणे काही सांगत नाहीत. बुद्ध्यांकाच्या प्रचलित मापपट्टीवर मध्यमान (सरासरी) १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५ असतं. टी-गुण या दुसऱ्या मापपट्टीवर हेच आकडे ५० आणि १०. म्हणजे बुद्ध्यांक ११५ आणि टी-गुण ६० हे सारख्याच उंचीवर, साधारण ८४व्या शततमकावर आहेत. शततमकाला टक्केवारी समजू नका: ८४वं शततमक म्हणजे ८४ टक्के उत्तरं बरोबर असं नाही, तर तुलनागटातल्या सुमारे ८४ टक्के लोकांपेक्षा वर. त्याच्या पायऱ्याही समान नसतात. ५० ते ६० या दहा पायऱ्यांत बुद्ध्यांक सुमारे ४ अंकांनी वाढतो, तर ९८ ते ९९ या एकाच पायरीतही तेवढाच.

कोणताही गुण एकटा लिहू नका, पट्टा लिहा, म्हणजे खरा गुण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. मापनाची प्रमाण त्रुटी (गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो तो आकडा) काढण्यासाठी १ मधून विश्वसनीयता वजा करा, वर्गमूळ घ्या आणि प्रमाण विचलनानं गुणा. विश्वसनीयता ०.९१ असेल तर ०.०९चं वर्गमूळ ०.३, गुणिले १५, म्हणजे ४.५. याला १.९६ नं गुणलं की ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ९ अंक वर आणि ९ अंक खाली. १०२ हा गुण म्हणजे साधारण ९३ ते १११. दोन उपगुणांमधल्या फरकालाही हाच विचार लागतो. दोन्हींची त्रुटी ४.५ असेल तर फरक किमान १२-१३ अंकांचा झाल्याशिवाय तो खरा मानू नये. १०८ आणि ९७ यांतल्या ११ अंकांवर "शाब्दिक बाजू वरचढ" असं लिहिणं चूक. आणि खरा ठरलेला फरकही कितीतरी निरोगी लोकांत आढळतो, हे विसरू नका.

चाळणी चाचण्यांत, म्हणजे आजाराची शक्यता असलेले आधी वेगळे काढणाऱ्या चाचण्यांत, आणखी एक खाच आहे. एखादी चाचणी आजार असलेल्यांपैकी ८५ टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी ८५ टक्के योग्यरीत्या सोडते असं धरा. १,००० जणांत १०० जणांना आजार असेल तर ८५ सापडतात, पण उरलेल्या ९०० पैकी १३५ जणांवरही ठपका येतो. म्हणजे "आहे" असा निकाल आलेल्या २२० जणांपैकी प्रत्यक्षात आजार फक्त ८५ जणांना, १०० मागे ३९. म्हणून चाळणीनंतर सविस्तर मुलाखत हवीच. पीएचक्यू-९ या नैराश्याची चाळणी करणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात, एकूण ० ते २७, आणि १० किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करतात. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याचं उत्तर ० नसेल तर माणूस खोलीतून जाण्याआधी त्याच्याशी थेट बोला आणि सुरक्षिततेची चौकशी करा. त्यासाठी प्रश्नावली भरून झाल्यावर तिथल्या तिथे पाहायला हवी, संध्याकाळी नव्हे.

अहवालात सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, आकडे नंतर. चाचणीच्या दिवशी दिसलेली थकवा, घाई, अनुत्साह अशी लक्षणं लिहा आणि त्यांमुळे निकालावर किती भरवसा ठेवावा तेही लिहा. दोन पुरावे एकमेकांशी जुळत नसतील तर ते लपवू नका. बहुतेक वेळा खरी माहिती त्याच जागी असते. चाचणीचे प्रश्न आणि उत्तरतालिका मात्र बाहेर देऊ नका, त्या पसरल्या की चाचणी सगळ्यांसाठीच बाद होते.

तीच चाचणी लवकर पुन्हा घेतली तर सरावानं गुण वाढतात, विशेषतः वेळ लावून करायच्या आणि नवं कोडं सोडवायच्या कामांत. म्हणून बुद्धिमत्ता चाचणी साधारण वर्षभराच्या आत पुन्हा घेणं टाळतात, किंवा समांतर संच (त्याच चाचणीचा वेगळ्या प्रश्नांचा, तेवढ्याच काठिण्याचा संच) वापरतात. चाचणीचं पूर्ण नाव, आवृत्ती, वापरलेली मानकं आणि तारीख अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा, म्हणजे पुढच्या तपासनिसाला काय टाळायचं आणि कशाशी तुलना करायची हे कळेल.